ठेवणीतलं क्रियापद

योकोतेत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये
दर मंगळवारी आम्ही पाच जण शिकायला बसतो:
मिठाईच्या कारखान्यातल्या दोघी व्हिएतनामी,
एक नेपाळी आचारी, एक ब्राझीलचा सुतार,
आणि मी, वृद्धाश्रमातली रात्रपाळीवाली.
शिकवतात हाताकेयामा फुसाए-सान.
एकोणचाळीस वर्षं टपाल कचेरीत होत्या,
अजून डस्टर उचलतात तो शिक्का मारल्यासारखा आपटतात.

आजचा पाठ होता ते-ओकु.
पुस्तकातलं वाक्य गुळगुळीत:
पाहुणे येणार आहेत, म्हणून बिअर गार करून...
आणि पुढे ओकु.
ओकु म्हणजे ठेवणे, त्या म्हणाल्या,
आणि हातातला खडू टेबलावर ठेवून दाखवला.

मला हसूच फुटलं.
चार महिने या भाषेच्या उंबऱ्याशी
बूट काढून उभी होते मी,
आत डोकावते तर फळीवर माझंच भांडं!
डाळ भिजवून ठेव.
चार पैसे बाजूला काढून ठेव.
सांगून ठेवते हं, नंतर म्हणू नकोस.

मोडकंतोडकं विचारलं, हातवारे करत:
मग कुणी दूध सांडलं, कप फोडला,
आणि आपण ओरडलो, "काय करून ठेवलंस हे!"
तिथेही हेच ना?
फुसाए-सान गंभीरपणे मान हलवत म्हणाल्या, नाही.
घोटाळ्याला दुसरं क्रियापद आहे.
ओकु मुद्दाम करायचं असतं.
(आमच्याकडे एकाच ठेवण्यात दोन्ही मावतं,
तयारीही आणि सत्यानाशही. हे मी बोलले नाही.
तेवढं जपानी कुठे येत होतं?)

मग त्यांनी पुस्तक मिटलं.
बर्फ येणार, म्हणून अझेलियाची झुडपं
काथ्याने बांधून ठेवते.
फावडं आत आणून ठेवते,
बाहेर राहिलं तर ते उकरायलाच दुसरं फावडं लागेल.
मुळे चुलीच्या धुरावर टांगून ठेवते.
आणि काकीची सगळी फळं उतरवते,
शेंड्यावरचं एक तेवढं
राहू देऊन ठेवते.
सुताराने विचारलं, हात पोचत नाही म्हणून?
पोचतो की, त्या म्हणाल्या. शिडी आहे माझ्याकडे.

मग त्यांनी हजेरी घेतली.
ती सुरुवातीलाही घेतली होती.
आम्ही पुन्हा हो, हो म्हणालो,
व्हिएतनामी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

खाली बूट चढवताना त्या माझ्याशेजारी बसल्या.
म्हणाल्या, हळू, एकेक शब्द सुटा करून,
वर्गात सांगतात तसंच:
तुमच्या आश्रमात, पूर्वेच्या खिडकीची खोली,
महिन्याला काय पडतं,
विचारून ठेवाल का?

सवयीने मी वाक्य मोठ्याने परत म्हटलं.
त्यांनी एक प्रत्यय दुरुस्त केला,
"छान" म्हणाल्या, आणि छत्री उघडली.

बसमध्ये मी ते वहीत उतरवलं,
उदाहरण क्रमांक पाच,
ओकुखाली दोन रेघा.
बस पूल ओलांडून गेली,
हीटरने पाय शेकायला लागले,
समोरच्या सीटवर एक शाळकरी मुलगा झोपला होता,
आणि तेव्हा कुठे कळलं
की ते उदाहरण नव्हतं.

त्यांना सासू नाही, आई नाही.
नवरा कधीच गेला. मुलगी साइतामाला.
खोली कुणासाठी, हा प्रश्न
मी व्याकरणाच्या नादात विचारलाच नव्हता.

रात्री अडीचला राऊंड झाला.
एकशे आठमधल्या आजोबांना कूस बदलून दिली,
ऑफिसात येऊन प्रतीक्षेची वही उघडली.
त्यांच्या आडनावातलं "डोंगर" तेवढं मला लिहिता येतं,
तीन उभ्या रेघा, खाली एक आडवी.
बाकीची अक्षरं उद्या कुणाला तरी विचारेन.
किंवा परवा.

पूर्वेची खोली अजून रिकामी नाही.
भाडं एका चिठ्ठीवर लिहून, घडी करून,
एप्रनच्या खिशात ठेवलंय.
आणि वहीशेजारी
पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.